कमळ, बकुळ आणि एका बागेचे नाव

#थ्रेड

दिल्लीच्या रायसिना टेकडीवर, राष्ट्रपती भवनाच्या मागच्या अंगाला, पंधरा एकरांची एक बाग आहे. २८ जानेवारी २०२३ रोजी तिचे ‘मुघल गार्डन’ हे नाव जाऊन ‘अमृत उद्यान’ हे नाव आले. त्यानंतर काही दिवस समाजमाध्यमांवर दोन तट पडले होते. एका तटाच्या मते इतिहास पुसला गेला, तर दुसऱ्याच्या मते परक्या सत्तेची खूण गेली. या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही: त्या बागेत मुघलांचे म्हणावे असे मुळात आहे तरी काय? कालव्यांच्या छेदांवर लाल दगडात घडवलेली कमळे कुणाची? वाटांच्या कडेला छत्रीसारख्या कातरलेल्या बकुळी कुणाच्या?

ही बाग कोणत्याही मुघल बादशहाने लावलेली नाही, हे प्रथम स्पष्ट केलेले बरे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली. नव्या राजधानीत व्हाइसरॉयसाठी प्रासाद उभारायचा होता आणि त्याचे काम एडविन ल्युटेन्सकडे गेले. बागेचा आराखडा त्याने १९१७ मध्ये पक्का केला. प्रत्यक्ष लागवड मात्र १९२८-२९ मध्ये झाली. म्हणजे शेवटचा मुघल बादशहा रंगूनला कैदेत वारला, त्यालाही तोवर साठ-पासष्ट वर्षे उलटून गेली होती.

मग ‘मुघल’ हा शब्द आला कुठून? तो इंग्रजांनी आणला, आणि तो आणण्यामागे त्यांचा हेतू होता.

ल्युटेन्स हा इंग्लंडमधील ग्रामीण प्रासादांचा नामवंत वास्तुकार. गर्ट्रूड जेकिल या विख्यात उद्यानरचनाकार बाईंबरोबर त्याने अनेक बागा केल्या होत्या. भारतीय वास्तुकलेबद्दल त्याचे मत अत्यंत तुच्छतेचे होते. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत त्याने ते लपवलेलेही नाही. परंतु व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंगचा आग्रह वेगळा होता. राज्य हिंदुस्थानावर करायचे, तर राजधानीच्या दगडातही हिंदुस्थान दिसला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. लेडी हार्डिंगला काश्मीरच्या शालिमार आणि निशात बागांची ओढ होती, आणि व्हाइसरॉयच्या घरामागची बाग त्याच धर्तीची व्हावी असे तिला वाटे. १९१४ साली ती वारली. बाग तिने पाहिली नाही.

याच सुमारास, १९१३ मध्ये, कॉन्स्टन्स व्हिलियर्स-स्टुअर्ट या इंग्रज चित्रकर्तीचे मुघल उद्यानांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या दिल्लीत इंग्लिश पद्धतीची हिरवळ अंथरू नये, या देशाच्या उद्यानपरंपरेला धरून बाग करावी, अशी तिची मागणी होती. त्यात खरे प्रेम होते, आणि राजकारणही होते. १८५७ नंतर इंग्रजांना स्वतःला मुघलांचे वारस म्हणवून घ्यायचे होते. दरबार भरवणे हा त्याचा एक भाग, आणि चारबाग आखणे हा दुसरा. ज्या घराण्याचे सिंहासन घेतले, त्याचीच बाग आपल्या खिडकीखाली फुलवायची, हा वारसा सांगण्याचा एक शांत आणि सुगंधी मार्ग होता.

आता थोडे मागे जाऊ या, कारण ज्या परंपरेचा हवाला दिला गेला ती परंपराच मुळात सरमिसळीची आहे.

बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याला येथील पुष्कळ गोष्टी रुचल्या नाहीत. ‘बाबरनामा’मध्ये त्याने तक्रारींची लांबलचक जंत्रीच दिली आहे: चांगले खरबूज नाही, द्राक्षे नाहीत, वाहत्या पाण्याच्या बागा नाहीत. काबूलच्या परिसरात तीसहून अधिक प्रकारचे रानट्यूलिप मोजणारा हा माणूस आग्र्याच्या उन्हाळ्यात अक्षरशः तळमळला. यमुनेच्या काठी त्याने लगेच बाग आखायला घेतली. मात्र पुढच्याच काही पानांत तो हिंदुस्थानच्या फुलांकडे वळतो आणि त्याचा सूर बदलतो. जास्वंद, कण्हेर, केवडा, चमेली यांच्याविषयी तो कौतुकाने लिहितो. ग्वाल्हेरला त्याला एका बागेत सुंदर लाल कण्हेर दिसली, तेव्हा तिची रोपे त्याने आग्र्याला नेऊन लावली. परक्या भूमीशी माणसाची ओळख अशीच होत असावी: आधी तक्रार, मग एखादे रोप.

याहून मोठी गोष्ट धौलपूरची. तेथे बाबराने १५२७ च्या सुमारास बाग करवली, तिचे नाव बाग-ए-नीलोफर, म्हणजे कमळबाग. अखंड खडकात कोरून काढलेली पाण्याची कुंडे आणि त्यांचे आकार कमळाचे. कळीपासून पूर्ण उमललेल्या फुलापर्यंत. पुढे ही बाग लोकांच्या स्मरणातून गेली. १९७८ साली एलिझाबेथ मॉयनिहन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी ‘बाबरनामा’तील वर्णनाच्या आधारे झोर या गावात तिचा माग काढला. मध्य आशियातून आलेल्या बादशहाने हिंदुस्थानात केलेल्या पहिल्या काही बागांपैकी एकीत कमळ कोरावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

कारण कमळ त्याच्या कितीतरी आधीपासून येथे होते. भारहूतच्या कठड्यांवर कमळाची वर्तुळे आहेत, सांचीच्या तोरणांवर कमळावर बसलेली लक्ष्मी आहे. महाराष्ट्रात अजिंठ्याच्या छतांकडे मान वर करून पाहिले की कमळांच्या वेली पसरलेल्या दिसतात, आणि पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व हातातील फुलामुळेच पद्मपाणी म्हणून ओळखला जातो. हे फूल कोणत्याही एका संप्रदायाच्या नावावर नव्हते. बौद्ध, जैन, वैदिक, शाक्त, सर्वांनी ते घेतले. मुघलांनीही घेतले. ताजमहालाच्या घुमटाचा माथा पाहिला तर कळसाखाली पालथ्या कमळाच्या पाकळ्या पसरलेल्या दिसतील. सहलीच्या छायाचित्रांत त्या असतातच. पाहणारा क्वचित पाहतो.

मुघलांची स्वतःची म्हणावी अशी फुले वेगळी होती. जहांगीर १६२० साली काश्मीरला गेला, तेव्हा त्याच्या आज्ञेवरून उस्ताद मन्सूर या चित्रकाराने तेथील शंभराहून अधिक फुले चितारली. शाहजहानच्या काळात हीच फुले कागदावरून संगमरवरावर उतरली. ताजच्या भिंतींच्या पायथ्याशी जी उठावाची रोपटी आहेत, त्यांत लिली आहे, ट्यूलिप आहे, आणि काही रोपे अशीही आहेत जी कोणत्याही वनस्पतिशास्त्रज्ञाला ओळखता येणार नाहीत, कारण युरोपातून आलेल्या वनस्पतिग्रंथांतील चित्रांची छाया त्यांवर पडली होती. ज्याला आज ‘अस्सल मुघल’ म्हटले जाते, त्याची मुळे अशी काबूल, काश्मीर, धौलपूर आणि युरोपातील छापखाने यांत विखुरलेली आहेत.

इंग्रज अमलात कमळाला आणखी एक मालक मिळाला. येथे गोष्ट मोठी विलक्षण होते.

१८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव पोळ्या फिरल्या, ही हकीकत कागदपत्रांत सापडते. छावण्यांमधून कमळाचे फूल हातोहात फिरले, ही त्याच्या जोडीची गोष्ट बरीचशी ऐकीव. परंतु इंग्रजी लिखाणात ती इतक्यांदा सांगितली गेली की कमळ हे बंडाचे चिन्ह म्हणून मनात रुजले. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, राणी व्हिक्टोरियाने ‘ऑर्डर ऑफ द स्टार ऑफ इंडिया’ हा मानाचा किताब सुरू केला. संस्थानिक आणि बडे अधिकारी यांच्या गळ्यात तो पडे. त्याच्या सुवर्णमाळेत एकाआड एक काय गुंफले होते? इंग्लंडचे तांबडे-पांढरे गुलाब, ताडाच्या फांद्या आणि कमळे. ज्या फुलाबद्दल बंडाच्या कथा सांगितल्या जात होत्या, तेच फूल राजनिष्ठेचा दागिना झाले. हा योगायोग असेलही. परंतु चिन्हे अशीच जिंकली जातात.

राष्ट्रपती भवनाच्या पुढच्या प्रांगणातील जयपूर स्तंभ पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनी तो भेट दिला. उंची १४५ फूट. माथ्यावर कांस्याचे कमळ आहे आणि त्या कमळातून सहा टोकांचा काचेचा तारा वर येतो. हा तारा म्हणजे स्टार ऑफ इंडिया. खाली हिंदुस्थानचे फूल, वर साम्राज्याचा तारा. एका शब्दाचेही स्पष्टीकरण न देता सारी राज्यव्यवस्था त्या माथ्यावर मांडलेली आहे.

इमारतीच्या मागे, बागेत, मात्र कमळावर काही नाही. तेथे ते पाण्याचे आहे. उत्तर-दक्षिण दोन आणि पूर्व-पश्चिम दोन असे चार कालवे बागेला चौकोनांत विभागतात. त्यांच्या छेदांवर सहा कारंजी आहेत, कमळाच्या पानांसारख्या दगडी थाळ्या एकावर एक रचून केलेली, आणि त्यांचे पाणी बारा फुटांपर्यंत उडते. काश्मीरच्या बागांना डोंगराचा उतार लाभतो, म्हणून तेथे पाणी धावते, पायऱ्यांवरून कोसळते. रायसिनाची बाग जवळपास सपाट, म्हणून येथे पाणी बहुतांशी स्थिर राहते आणि आकाश दाखवते. ल्युटेन्सने ही अडचण न मानता तिचेच सौंदर्य केले. त्याच्या कोत्या मतांबद्दल कितीही राग असला, तरी एवढे श्रेय त्याला द्यावेच लागते.

आणि मुघल चारबागेत जे नव्हते, तेही त्याने सढळ हाताने घातले: आखीव हिरवळ, इंग्लिश फुलांचे वाफे, कातरलेली कुंपणे. या हिरवळीसाठी दूर्वा कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर या जुन्या राजनिवासातून आणली गेली. तीच दूर्वा, जी महाराष्ट्रात भाद्रपदात एकवीस-एकवीसच्या जुड्यांनी विकली जाते. साम्राज्याचे गालिचे त्याच गवताचे होते.

लागवडीची सारी जबाबदारी विल्यम मस्टो या उद्यानअधिकाऱ्याची. क्यू उद्यानात शिकलेला हा गृहस्थ इतिहासाच्या पुस्तकांत तळटिपेपुरता येतो, पण नव्या दिल्लीची सावली बऱ्याच अंशी त्याची आहे. रस्त्यांच्या कडेला जांभूळ, कडुनिंब, चिंच, अर्जुन अशी या मातीत टिकणारी झाडे लागली. बागेत सरू, संत्रे, पुत्रंजीवी आणि बकुळ. उत्तरेकडे बकुळीला मौलसरी म्हणतात.

बकुळीची गोष्ट येथे सविस्तर सांगितली पाहिजे.

संस्कृत काव्यात काही वृक्ष आपोआप फुलत नाहीत. त्यांना डोहाळे लागतात. अशोकाला तरुणीच्या पायाचा स्पर्श हवा असतो, बकुळीला तिच्या मुखातील मद्याचा शिडकावा. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष आपल्या घराची खूण सांगताना माधवीच्या मंडपाजवळचे हे दोन्ही वृक्ष, त्यांच्या या हट्टांसह, आवर्जून सांगतो. मथुरेच्या कुषाणकालीन कठड्यांवर, सांचीच्या तोरणांवर झाडाला बिलगलेल्या ज्या यक्षी आहेत, त्या याच कल्पनेच्या बहिणी. झाड आणि स्त्री यांचे नाते हे भारतीय शिल्पातील फार जुने सूत्र आहे. उद्यान म्हणजे केवळ रांगांनी लावलेली झाडे नव्हेत, तर ज्यांच्याशी काही देणेघेणे आहे अशी झाडे, ही त्यामागची समजूत.

कोकणात आणि देशावर बकुळीचा अर्थ आणखी घरगुती आहे. पहाटे झाडाखाली पडलेली बारीक चांदणीएवढी फुले ओच्यात वेचायची, दोऱ्यात ओवायची, आणि सुकल्यावरही टाकायची नाहीत. फूल सुकते, वास राहतो. ट्रंकेत, पुस्तकात, देव्हाऱ्यात ठेवलेल्या बकुळीच्या माळा कित्येक मराठी घरांनी पाहिल्या आहेत.

व्हाइसरॉयच्या बागेत या झाडाचे काय झाले? ते कातरले गेले. बकुळीचा शेंडा मूळचाच दाट आणि गोलसर. तिला कात्री मानवते. त्या गुणाचा उपयोग करून तिच्या गोल छत्र्या करण्यात आल्या, एकसारख्या, एका उंचीच्या. झाड भारतीय, नाव मुघल बागेचे, आकार युरोपीय हरितशिल्पाचा. आजही त्या छत्र्या तशाच आहेत. गणराज्याने त्यांचा आकार बदललेला नाही, आणि बदलावा असे कुणाला वाटल्याचेही दिसत नाही. नावावर जेवढी शाई खर्च झाली, तिचा शतांशही या कात्रीवर झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर या चिन्हांची पुन्हा वाटणी झाली. ती पाहण्यासारखी आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचा सिंहस्तंभशीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारला गेला. मूळ शिल्पात सिंहांच्या पीठाखाली घंटेच्या आकाराचे पालथे कमळ आहे. राजमुद्रेत ते घेतले नाही. सिंह आले, चक्र आले, बैल आणि घोडा आले. कमळ खाली राहून गेले. मग १९५४ मध्ये तेच कमळ नागरी सन्मानांच्या रूपाने परत आले: पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री. भारतरत्नाच्या पदकाला मात्र आकार मिळाला पिंपळपानाचा. मोहेंजोदडोच्या मुद्रांवर जे पान कोरलेले आहे आणि ज्या झाडाखाली सिद्धार्थ बुद्ध झाला, ते हे पान. व्हिक्टोरियाच्या किताबातही कमळ, प्रजासत्ताकाच्या किताबातही कमळ. फरक एवढाच की आता त्याच्या शेजारी इंग्लंडचा गुलाब नव्हता.

बागेतील गुलाब मात्र राहिले, आणि वाढले.

बाग कुणाची, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर दिले ते चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी. १९४८ ते १९५० या काळात ते गव्हर्नर जनरल म्हणून या वास्तूत राहत होते. देशात अन्नधान्याची टंचाई होती. राजाजींनी आवारातील जमीन स्वतः नांगरली आणि ती धान्यासाठी दिली. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या देशाच्या प्रमुखाच्या घरामागे फक्त फुलेच असावीत का, हा सवाल त्यांनी भाषणाऐवजी नांगराने विचारला. त्या जागी आज भाजीपाल्याची बाग आहे आणि तिला ‘दालीखाना’ म्हणतात. पर्यटकांच्या छायाचित्रांत ती फारशी येत नाही. पुढे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी वर्षातील काही दिवस बाग सर्वांसाठी खुली केली. ज्या हिरवळीवर निमंत्रणपत्रिकेशिवाय पाऊल पडत नव्हते, तिच्या कडेने शाळेच्या सहली जाऊ लागल्या. राष्ट्रीयत्वाचा विचार करायचा तर नामफलकापेक्षा या दोन घटनांचे वजन अधिक आहे.

नावे बदलण्याची ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स १८६२ साली सुरू झाली. लोकांनी तिला पहिल्यापासून राणीची बाग म्हटले. पुढे तिचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले, आणि गंमत अशी की ‘राणीची बाग’ हे बोलीतले नाव दोन्ही राज्यांत सुखाने चालत राहिले. उलट पुण्याची एम्प्रेस गार्डन आजही त्या सम्राज्ञीचे पद नावात घेऊन उभी आहे. तेथे प्रदर्शनाला जाणाऱ्या पुणेकरांपैकी ही एम्प्रेस कोण, हे किती जण सांगतील, हा प्रश्नच आहे.

झाडांच्या बाबतीत ‘आपले’ आणि ‘परके’ ही विभागणी तर आणखी निसरडी. मराठी मनाला उन्हाळ्याचा प्रतिनिधी वाटणारा गुलमोहर मादागास्करचा. सोसायट्यांच्या कुंपणाशी सैनिकांसारखा उभा असलेला, ज्याला सर्रास अशोक म्हणतात, तो अशोकच नव्हे. कालिदासाचा अशोक वेगळा, बुटका, डेरेदार आणि केशरी-तांबड्या फुलांचा. भारतीयत्वाच्या नावाखाली शाळेच्या आवारात भलताच वृक्ष लावला जातो आणि खरा सीतेचा अशोक रोपवाटिकेच्या कोपऱ्यात राहतो. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एवढी चूक तरी दुरुस्त करण्याजोगी आहे. त्यासाठी अधिसूचना लागत नाही, एक खड्डा आणि एक रोप पुरते.

रायसिनाच्या बागेत दरवर्षी फेब्रुवारीत दरवाजे उघडतात तेव्हा गर्दीची पहिली झुंबड ट्यूलिपच्या वाफ्यांकडे असते. त्यांचे कंद हॉलंडहून आलेले. हेच फूल मध्य आशियातून तुर्कस्तानमार्गे युरोपात गेले, तेथे त्याने व्यापाऱ्यांना वेड लावले, आणि काबूलच्या टेकड्यांवर ते मोजणाऱ्या माणसानंतर जवळपास पाच शतकांनी विमानाने दिल्लीला उतरले. मुघलांचे नाव फलकावरून गेले, आणि त्यांचे आवडते फूल खोक्यांतून दरसाल येत राहिले. बाबराला या प्रकाराचे हसू आले असते की त्याने यातही एखादी तक्रार काढली असती, हे सांगणे कठीण.

बकुळीकडे त्या गर्दीत कुणी थांबत नाही. थांबण्यासारखे तेव्हा काही नसतेही. तिचा मुख्य बहर उन्हाळ्यातला. ट्यूलिप सुकून वाफे रिकामे होतात, वसंतातली रांग संपते, दिल्लीत लू वाहू लागते, आणि मग त्या कातरलेल्या छत्र्यांमधून, कात्रीच्या दोन फेऱ्यांमध्ये जेवढ्या डहाळ्या वाचल्या असतील तेवढ्यांवर, बारीक पांढरी फुले धरतात. सकाळी माळी वाटा झाडायला येतात तेव्हा ती दगडावर पडलेली असतात.